54 लिटरचा जलदूत

सांगलीकर पाण्याविषयी फुटांत बोलतो. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि त्यापुढं माळ्यावर काय काय चढवायचं एवढाच विषय. मी गावभागातला. पाणी घराबाहेर कसं काढायचं हे मला लहानपणापासून ठाऊक. ते जपून, झाकण लावून दुसऱ्या गावाला न्यायची पाळी मात्र 2016 च्या एप्रिलात आली.

बिऱ्हाड मिरजेला हलवायचं होतं. सामानात एक काचपेटी होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर 54 लिटर. आत चार गोल्डफिश. लिटरचं वजन किलोभर, म्हणजे भरलेली पेटी उचलणं हे अर्ध्या क्विंटलचं पोतं उचलण्यासारखं, फक्त पोतं काचेचं. पेटी रिकामी करूनच न्यायची, हे ठरलं.

मग माशांच्या दुकानात सल्ला घ्यायला गेलो. "नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंय," दुकानदार म्हणाला. "दोन दिवस उघडं ठेवा, न्हाईतर हायपोचे खडे टाका. आन् जुनं पाणी जमंल तेवढं न्या."

'जमंल तेवढं' हे मी 'सगळं' असं ऐकलं. शिवाय वर भरायला ताजं पाणीही दोन दिवस उघडं ठेवलं. सगळ्या बादल्या, परात आणि कुकरचं मोठं भांडं स्वयंपाकघरात तोंड वासून बसले. त्यात कुणी हात घालायचा नाही, असा हुकूम मी काढला. "अहो, पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्याला तरी कधी एवढं जपलंत का?" बायको म्हणाली आणि शेजारी जाऊन कुकर मागून आली.

सोमवारी, 11 एप्रिलला, रजा टाकून छोटा हत्ती बोलावला. वीस-वीस लिटरचे दोन जार, एक झाकणाची बादली, आणि माझ्या मांडीवर मासे: पिशवीत तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा, तोंडाला रबर. विश्रामबागेपर्यंत एका जारनं निम्मी गादी भिजवली. वानलेसवाडीला बादलीचं झाकण उडालं आणि भडंगाची पिशवी त्यात आंघोळ करून निघाली. सांगलीचं भडंग ओलं झाल्यावर त्याला काय म्हणावं, याला मराठीत शब्द नाही.

तारीख ध्यानात आली का? त्याच सकाळी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी दुष्काळातल्या लातूरला निघाली होती. राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन आणलेल्या दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर कृष्णेचं पाणी, पुढं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. गाडीचं नाव जलदूत. एका वाघिणीत साधारण 54 हजार लिटर, म्हणजे माझी काचपेटी वाघिणीच्या बरोब्बर हजाराव्या हिश्शाची. हा हिशेब मी टेम्पोत बसून केला आणि उगीचच बरं वाटलं.

स्टेशनजवळच्या चहाच्या गाड्यावर थांबलो. गाडी गेली होती, गप्पा राहिल्या होत्या. धोतरातले एक आजोबा टेम्पोतल्या जारांकडं बघत जवळ आले.

"लातूरला काय ओ?"

मी मांडीवरच्या पिशवीवर रुमाल टाकला. 'हो' म्हणवेना आणि 'नाही' म्हणायला जीभ उचलेना. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं करताय. आमची लेक हाय तिकडं. आठ-आठ दिवस नळाला पाणी न्हाई म्हणती."

"न्हाई ओ आजोबा," ड्रायव्हरनं चहाचा ग्लास ठेवत सांगून टाकलं, "हे ह्यांच्या माशास्नी हाय!"

गाड्यावरचे सगळे वळले. आजोबांनी हात काढून घेतला, रुमाल उचलून आत पाहिलं. मासे त्यांच्याकडं बघत तोंड उघडझाप करत होते. "तहानल्याती वाटतं," आजोबा म्हणाले. चहाचे पैसे मी सगळ्यांचे दिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे जलदूत लातूरला पोचली. त्याच पहाटे मी नव्या घरात काचपेटीसमोर उकिडवा बसलो होतो. जुनं पाणी, उघडं ठेवलेलं पाणी, सगळं घालूनही आत ताक झालं होतं. दुकानं उघडल्याबरोबर मिरजेतल्या माशांच्या दुकानात धावलो.

"पाण्यात फारसं काय नसतंय ओ," तिथला दुकानदार शांतपणे म्हणाला. "घाण पचवणारे जंतू ऱ्हात्यात फिल्टरच्या स्पंजात आन् तळाच्या खड्यांत. स्पंज ओला ठिवून डब्यातनं आणला असता तरी निम्मं काम झालं असतं. कुठाय स्पंज?"

घरी येऊन विचारलं.

"तो होय? शी, केवढा घाण झाला होता!" गच्चीकडं बोट दाखवत बायको म्हणाली. "निघताना नळाखाली धरून चांगला पिळून काढला. वर वाळत घातलाय बघा, अगदी नव्यासारखा झालाय."