ऐनवेळी येणारे विषय

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेची एक नोटीस वाचली की सगळ्या वाचल्या. विषय क्रमांक १ : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक २ : मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे. विषय क्रमांक ३ : आलेल्या शासन परिपत्रकांचे वाचन करणे. मग असेल ते एखाददुसरं, आणि सर्वांत शेवटी : मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. वरचे सगळे विषय सरकारने गावाला दिलेले. शेवटचा तेवढा गावाने आपल्यासाठी ठेवून घेतलेला. वरचे सगळे मिळून एका चहात आटोपतात. शेवटच्याला चहा तीनदा सांगावा लागतो, आणि तिसऱ्या खेपेला चहावाला मागची उधारी काढतो. तोही मग ऐनवेळचाच विषय होतो.

आमचं गाव अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळ, पूर्णेच्या खोऱ्यात. नाव सांगत नाही. सत्ताधारी नात्यातले, विरोधक नात्यातले, आणि दिवाळीत फराळाला दोन्हीकडे जायचं असतं. ग्रामपंचायत सात सदस्यांची, म्हणजे कायद्यात बसते तेवढी लहान. एक खोली, एक कपाट, त्यात सरकारने ठरवून दिलेल्या नमुन्यांची रजिस्टरं, नमुना १ पासून ३३ पर्यंत. भिंतीवर गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज शेजारी शेजारी. दोघंही अमरावती जिल्ह्यातलेच, त्यामुळे आमच्याकडे हे फोटो लावायला परिपत्रक यावं लागलं नाही.

ऐनवेळी काय येत नाही! एकाच्या न्हाणीचं पाणी दुसऱ्याच्या दारातून जातं. मोकाट गोऱ्हा कोणाचा, हे सगळ्या गावाला माहीत असतं आणि सभेत मात्र कोणालाच माहीत नसतं. त्याला कोंडवाड्यात घातलं की संध्याकाळपर्यंत मालक बरोब्बर निघतो. पांदणीतल्या चिखलात कोणाची तरी बंडी फसलेली असते. आणि दिवाबत्तीचा प्रश्न तर दर महिन्याचा.

"काहून बाप्पा, तुमच्या दारासमोरचा लाइट रोज लागते अन् आमच्याइकडचा लागत नाही?"

"तुमच्याइकडचाही लागते भाऊ. दिवसा लागते."

या उत्तरानंतर जे होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिघांच्या आजोबांचा उद्धार होतो, १९७२ च्या दुष्काळात कोणी कोणाची ज्वारी बुडवली ते निघतं, एक सदस्य चप्पल घालून बाहेर जातो आणि ओट्यावरच थांबतो, कारण घरी गेलं तर आत काय झालं ते कळणार नाही. 'प्रोसिडिंग' नावाच्या जाड्या रजिस्टरात मात्र त्या दिवशीची नोंद अशी : सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सूचक आणि अनुमोदक बहुतेक वेळा तेच दोघं, ज्यांना धरून ठेवायला चपराशाला मध्ये पडावं लागलेलं असतं.

शंभर वर्षांनी एखादा संशोधक ही रजिस्टरं उघडून बसेल, तेव्हा त्याची अशी खात्री होईल की वऱ्हाडात मतभेद नावाची गोष्ट नव्हती. इथली माणसं महिन्यातून एकदा जमत, सविस्तर चर्चा करीत, एकमताने उठत. मला त्या संशोधकाची आत्तापासूनच कीव येते. गावाचा खरा इतिहास 'सविस्तर' या चार अक्षरांत पुरलेला आहे आणि तिथे उत्खननाची सोय नाही.

ऐनवेळच्या विषयांत सगळ्यांत चिवट विषय ई-क्लासचा. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की तुम्ही ज्याला गायरान म्हणता त्या सरकारी पडीत जमिनीला आमच्याकडचा निरक्षर म्हातारासुद्धा 'ई-क्लास' म्हणतो. या जमिनीवर पहिल्या साली कोणाच्या तरी जळतणाच्या पऱ्हाट्या पडतात. दुसऱ्या साली पऱ्हाट्या कोणी नेऊ नये म्हणून भोवती काटी येते. तिसऱ्या साली काटीची राखण करायला टिनाचं छप्पर. आणि चौथ्या साली छपराचा धनी कार्यालयात येऊन अगदी नम्रपणे विचारतो, "सचिव साहेब, आपली जागा आठले कधी लागन?" आठ म्हणजे नमुना आठ, कर आकारणीची नोंदवही. तिच्यात नाव चढलं की माणूस निर्धास्त झोपतो. सदस्याने स्वतः अतिक्रमण केलं तर त्याचं पद जातं, म्हणून सदस्य असलं काही करत नाही. त्याच्या भावाला जागा कमी पडते.

सचिव म्हणजे ग्रामसेवक. सरकारने २०२४ मध्ये ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलं. आमच्याकडे ते तेव्हाही सचिवच होते आणि आताही सचिवच आहेत. त्यांच्याकडे आणखी एका गावाचा चार्ज असतो. आपण इकडे गेलो की ते तिकडे असतात, तिकडे गेलो की पंचायत समितीत मीटिंगला, आणि पंचायत समितीत गेलो तर कळतं की ते आत्ताच आपल्या गावाकडे निघाले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. जन्ममृत्यूची नोंद, घरकुलाची यादी, शोषखड्ड्यांचे फोटो, झाडं लावल्याचे फोटो, मागच्या वर्षी लावलेली झाडं जगल्याचे फोटो, हे सगळं एका माणसाने ऑनलाइन चढवायचं असतं आणि सर्व्हर त्याच्याइतकाच दमलेला असतो.

पंचायत राज ही तशी वऱ्हाडाची घरचीच गोष्ट. १९६० साली नेमलेल्या ज्या समितीच्या अहवालावरून महाराष्ट्रात १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या उभ्या राहिल्या, तिचे अध्यक्ष वसंतराव नाईक, पुसदचे. ग्रामपंचायतीचा कायदा त्याआधीचा, १९५८ चा. तो ज्यांनी लिहिला त्यांना आमचं गाव प्रत्यक्ष पाहिल्यावाचून माहीत होतं, असं मला कोरमच्या नियमावरून वाटतं. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती आली नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला? तिला कोरमच लागत नाही. म्हणून २६ जानेवारीला झेंडावंदन करून, पोरांना बिस्किटं वाटून झाली की साठसत्तर माणसं मोजली जातात, सभा तहकूब होते, आणि पुढच्या तारखेला तीस माणसांत सगळ्या गावाचं वर्षभराचं ठरतं. दुसऱ्या दिवशी उरलेली माणसं विचारतात, "आमाले इचारलं कुणं?"

सरपंच जनतेतून थेट निवडायचा की सदस्यांनी आपल्यातून, यावर मुंबईने २०१७ मध्ये एक ठरवलं, २०२० मध्ये ते फिरवलं, २०२२ मध्ये पुन्हा पहिल्यावर आणलं. गावात कोणी एवढ्या वेळा शब्द बदलला असता तर त्याला परत ओट्यावर बसू दिलं नसतं.

महिलांना १९९३ च्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश जागा मिळाल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आमच्याकडे आरक्षणाच्या सोडतीत सरपंचपद महिलेला सुटलं तेव्हा पहिले काही महिने बाई खुर्चीवर, त्यांचे यजमान भाऊ शेजारच्या खुर्चीवर, आणि सगळे प्रश्न भाऊंना. भाऊ 'आमी ठरवलं' असं म्हणत, बाई पदर सावरून सही करीत. मग निधी ऑनलाइन आला. पैसे काढायला सरपंच आणि सचिव या दोघांची डिजिटल सही लागू लागली, ती करायला पेनड्राइव्हसारखं एक डोंगल आणि एक पिन. बाईंनी डोंगल कपाटाच्या किल्ल्यांत अडकवलं आणि पिन कोणालाच सांगितला नाही. आता सही करायच्या आधी त्या विचारतात, "कायचे पैसे हायेत? नाली कुठून कुठपर्यंत?" भाऊ ओट्यावर पेपर वाचत बसलेले असतात. स्त्रीशिक्षणाने, भाषणांनी आणि महिला दिनाने जे काम अर्धं केलं होतं ते त्या बोटभर प्लॅस्टिकने पुरं केलं, असं माझं मत आहे. भाऊंचं मत वेगळं आहे, पण ते त्यांनी अजून ऐनवेळी मांडलेलं नाही.

निधीचं म्हणाल तर तोही आता बंधित आणि अबंधित अशा दोन जातींचा येतो. पंधराव्या वित्त आयोगाने साठ टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. आयोगाचं काही चुकलं नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना हा जो खारपाणपट्टा पसरला आहे, अमरावती, अकोला आणि बुलडाण्यात मिळून, तिथे विहिरीला पाणी लागल्याचा आनंद ते तोंडात घेईपर्यंतच टिकतो. भूगर्भातलं पाणी खारं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं ते प्याली, किडनीचे आजार सोसले. अकोट भागात वान धरणावरून ८४ खेड्यांची योजना आहे, बाकीकडेही अशाच दुरून पाणी आणणाऱ्या योजना आहेत. योजनेत जेवढी खेडी तेवढे तिच्या पाइपाला शत्रू. वरच्या गावाने व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवला की खालचं गाव कोरडं. त्यामुळे आमच्याकडे नळाला पाणी येण्याची वार्ता पाण्याच्या आधी येते, बाया कामं टाकून घराकडे पळतात.

म्हणून गावातला सर्वांत ताकदवान माणूस सरपंच नाही आणि सचिवही नाही. नळ सोडणारा चपराशी. कोणाकडे लग्न आहे, कोणाकडे तेरवी आहे, कोणत्या गल्लीत पाहुणे उतरलेत, हे त्याला पत्रिकेच्या आधी कळतं. त्याच्या पगाराचा काही भाग मात्र वसुलीतून निघतो, आणि वसुली म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी. ती भरायची वेळ आली की याच गल्ल्यांतली माणसं त्याला पाहून घराच्या मागल्या दाराने वावरात जातात.

गाडगेबाबांचं नाव घेऊन सरकारने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. बाबा गावात आधी शिरत, झाडू मारत आणि मग बोलत. आमच्याकडे आधी कळतं की तालुक्याची समिती येणार आहे, मग झाडू निघतात. समितीच्या आदल्या रात्री गाव इतकं स्वच्छ होतं की सकाळी कुत्री वाट चुकतात. पुढे हागणदारीमुक्तीसाठी 'गुड मॉर्निंग पथक' नावाची गोष्ट आली. पहाटे शिट्ट्या वाजवत साहेब लोक नाल्याकडे येत आणि टमरेल घेतलेल्या माणसाला गुलाबाचं फूल देत. एका म्हाताऱ्याने फूल घेतलं, कानाला खोचलं आणि विचारलं, "साहेब, संडास बांधला हाय. त्यात टाकाले पाणी कुठून आणू?" पथकाकडे याचं परिपत्रक नव्हतं.

आणि तंटामुक्ती. १५ ऑगस्ट २००७ पासून ही मोहीम. गावातले तंटे गावातच मिटावेत, यापेक्षा शहाणी योजना मला ठाऊक नाही, आणि अनेक गावांत तिने खरोखरच कोर्टकचेऱ्या वाचवल्या. फक्त तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष ग्रामसभेतून निवडायचा असतो. त्या एका दिवशी कोरमची चिंता पडत नाही. बाहेरगावी गेलेली माणसं एसटीने परत येतात, दोन पार्ट्या समोरासमोर उभ्या राहतात, बंदोबस्ताला पोलीस लागतात. तंटा नको म्हणून इतक्या जिद्दीने भांडलेलं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

हे सगळं पाहून शहरातला माणूस हसतो. त्याने जरूर हसावं, पण आधी आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कधी तासभर समोर बसवून दाखवावा. आमच्याकडे सरपंचाला चौकात अडवून 'तुह्या बापाले मी खांद्यावर नेलं हाय' असं म्हणता येतं, आणि मग तो दिवा दोनचार दिवसांत लागतोही. रात्री लागतो.

आता एक तुमच्याकडचं. तुम्ही मूळचे इकडचे असाल आणि पुण्यात किंवा मुंबईत असाल, तर गावातल्या वडिलोपार्जित घराची घरपट्टी थकलेली असण्याचा संभव फार आहे. थकबाकीदारांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, आणि ती तुमचा साळा, तुमचा चुलता, सगळे थांबून वाचतात. पोराला कुठला दाखला लागला की मगच पाच वर्षांची पट्टी एकदम भरायची, ही आपली जुनी रीत सोडा आणि ३१ मार्चच्या आत भरून टाका. मतदारयादीत नाव अजून गावातच असेल तर १ मेच्या ग्रामसभेलाही या. सुटी असते. शंभर डोकी लागतात, साठसत्तर आम्ही आहोत. नाश्ता तेवढा घरून करून या.