मोरीला बोळा

काटकसर हा गुण आमच्या समाजात जितका वंदनीय मानला जातो तितकाच तो लहरीही आहे. तो नेमका कोठे प्रकट होईल आणि कोठे सोयीस्करपणे निद्रिस्त राहील, याविषयी कोणत्याही शास्त्रकाराने नियम घालून दिलेला नाही. विजेच्या बाबतीत तर असे दिसते, की जी वीज डोळ्यांना दिसते तिच्याविरुद्ध मनुष्य तलवार उपसतो आणि जी दिसत नाही तिला घरजावयासारखी पोसतो. दिवा दिसतो, गीझरमधील ऊन पाणी दिसत नाही. या एका भेदावर कित्येक सद्गृहस्थांचे अवघे ऊर्जाधोरण उभे आहे.

आमचे मामा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि हातचा अंमल एकाएकी सुटल्यामुळे अशा पुरुषांच्या आयुष्यात जी पोकळी निर्माण होते, ती त्यांनी दिवे मालवून भरून काढली. दिवेलागणीनंतर हातात काठी घेऊन ते गस्तीला निघतात, जिन्यातला दिवा, माजघरातला दिवा, ज्या खोलीत मी वाचत बसलेला असतो त्या खोलीतला दिवा, कोणाचाही मुलाहिजा न ठेवता बटणांवरून काठीचे टोक फिरवतात, आणि अंधारातूनच "अरे, शंभर युनिटांच्या वर गेलं की पुढला दर लागतो, ठाऊक आहे ना?" असा सवाल टाकून वरच्या मजल्याकडे कूच करतात. विजेची बिले ते रुमालात बांधून ठेवतात. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार या सर्वांची त्यांनी महिनेवार खतावणी केलेली असून, एखाद्या महिन्यात युनिटे वाढली तर घरातील प्रत्येकाची स्वतंत्र जबानी होते.

आता या मोहिमेचा जमाखर्च पाहू. 2015 साली सरकारने स्वस्त एलईडी दिव्यांची योजना काढली, तेव्हा मामांनी रांगेत उभे राहून दिवे आणले आणि साठ वॅटचे जुने गोळे उतरवून नऊ वॅटचे दिवे चढवले. खरी बचत झाली ती त्याच दिवशी. नऊ वॅटच्या दिव्याला एक युनिट वीज खाण्यास शंभरावर तास, म्हणजे अहोरात्र जळूनही साडेचार दिवस लागतात. उलट न्हाणीघरातला दोन हजार वॅटचा गीझर तेवढीच वीज अर्ध्या तासात फस्त करतो. मामांना स्नानाला कढत पाणी लागते. पहाटे पाचला ते गीझर लावतात, आणि मग चहा, प्राणायाम, वर्तमानपत्रातील निधनवार्ता आणि तत्संबंधी एक-दोन दूरध्वनी आटोपेपर्यंत तो बिचारा तापतो, थांबतो, निवतो आणि पुन्हा तापतो. हा सारा हिशेब मी एकदा कागदावर मांडून त्यांच्यापुढे सादर केला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, आकडेमोड बरोबर असल्याचा निर्वाळा दिला आणि गंभीरपणे म्हणाले, "त्या गीझरवर जो लाल दिवा लागतो, तो किती वॅटचा असतो रे? तो काढता येईल."

पूर्वी आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. त्याच्या नळकांड्यात वरून ढलप्या टाकायच्या, खालून फुंकायचे, डोळे चोळायचे आणि शेवटी राख उपसायची, एवढा खटाटोप असल्यामुळे आंघोळीच्या पाण्याला काय पडते हे घरातल्या पोरासोरांनाही समजत असे. आता धूर होतो तो चंद्रपुरास. तेथील औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचे आहे. पेटलेल्या कोळशातील उष्णतेचा जेमतेम एक तृतीयांश भाग विजेच्या रूपाने तारांत शिरतो, उरलेली तेथेच वाफेवाटे आणि धुराड्यावाटे परस्पर जाते, आणि कोळशावरच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे किलोभर कार्बन डायऑक्साइड आकाशात चढतो. म्हणजे उष्णतेची वीज करायची, त्यात दोन हिस्से घालवायचे आणि पुण्यात आणून त्या विजेची पुन्हा उष्णताच करायची! महसूल खात्यातसुद्धा एखादे प्रकरण इतके फिरवून पूर्वस्थळी आणल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

रेफ्रिजरेटरवरील तारकांविषयीची मामांची श्रद्धाही मुलकी स्वरूपाची आहे. या तारका देण्याची प्रथा 2006 साली सुरू झाली आणि त्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होत गेले. त्यामुळे जुन्या काळचा पंचतारांकित आज त्या पदवीस पात्र ठरेलच असे नाही. परंतु एकदा मिळालेला हुद्दा खाली उतरत नाही, या न्यायाने मामा आपल्या वृद्ध रेफ्रिजरेटरकडे अजून अभिमानाने पाहतात, आणि भिंतीला पाठ टेकवून धापा टाकणाऱ्या त्या जीवाच्या पोटात आमटीचे वाफाळते पातेले ठेवतात.

व्यापारउदिमात निराळा प्रकार नाही. मामांच्या जावयांचे कापडाचे दुकान आहे. तेथे वातानुकूलन यंत्र अठरा अंशांवर आणि दुकानाचे दार सताड उघडे, कारण "बंद दारापाशी गिऱ्हाईक बुजतं." 2020 पासून अशी नवी यंत्रे मुळातच चोवीस अंशांवर लावून येतात, एकेक अंश वर चढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. जावईबापूंनी यंत्र आल्या दिवशीच ते अठरावर आणले. उन्हाळ्यात त्या दुकानासमोरच्या पदपथावर फार सुखद गारवा असतो, आणि एरवी कापडाशी काडीचा संबंध नसलेले बरेच लोक तेथे उभे असतात. मामाही असतात.

काटकसरीचा खरा जाणकार मला भेटला तो आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत. दहा अश्वशक्तीची मोटर, म्हणजे साडेसात किलोवॅट, दोन किलो बाजरीसाठी रिकामी फिरवणे त्याला मान्य नाही. चार डबे ओळीने लागल्याखेरीज तो खटका ओढत नाही, आणि पट्टा सैल पडला की पीठ मागे राहून मीटर पुढे पळते हे तो नुसत्या आवाजावरून ओळखतो. त्याच्या या शिस्तीपायी मामांना एकदा डब्यासह ताटकळावे लागले, तेव्हापासून ते त्याला आळशी म्हणतात.

परवा रात्रीची गोष्ट. मामा जिन्यातील दिवे मालवीत गच्चीपर्यंत पोहोचले होते. वर टाकी भरून वाहत होती. पाच अश्वशक्तीचा पंप खाली बिनदिक्कत चालू होता आणि पाणी पन्हाळीतून थेट वाहनतळावर कोसळत होते. त्या धबधब्याच्या साक्षीने मामांनी गच्चीवरचा दिवा मालवला आणि "वरचे लोक फार बेफिकीर आहेत" असा शेरा मारून ते खाली आले. अर्धा तास वाहिलेल्या त्या टाकीने पावणेदोन-दोन युनिटे खाल्ली. गच्चीवरचा दिवा तेवढ्या विजेत पंधरवडाभर रात्ररात्र जळला असता.

टाकी भरताच पंप आपोआप थांबवणारा सेन्सर बसवावा आणि गच्चीवर सौर बंब घालावेत, असे दोन ठराव मी सोसायटीच्या सभेत मांडले आहेत. सौर बंबाला पुणे महापालिकेच्या मिळकतकरात सूट मिळते, हेही निदर्शनास आणून दिले. पहिला ठराव खर्चाच्या सबबीवर तहकूब झाला. दुसऱ्यावर, गच्चीची मालकी कोणाची या प्रश्नाचा काथ्याकूट चालू आहे. जिन्यात आणखी कमी वॅटचे दिवे लावण्याचा मामांचा ठराव मात्र एकमताने संमत झाला. वाचकांपैकी कोणाच्या इमारतीत असा सेन्सर बसवलेला असेल, तर त्यांनी सवडीने मामांना एकदा गच्चीवर बोलावून तो चालताना दाखवावा, ही नम्र विनंती. जिन्यातून येताना त्यांच्यापुढे चालू नये, एवढेच सुचवतो.