पस्तीस हर्ट्झचा पाइप

‘घरी केलं की स्वस्त पडतं’ हे वाक्य पापडांबद्दल खरं आहे, स्पीकरबद्दल नाही. तरीही निवृत्त मराठी माणसांच्या कुठल्याही वस्तीत हे वाक्य छातीठोकपणे म्हणणारा एक तरी गृहस्थ सापडतोच. आमच्या पुण्याच्या सोसायटीत अण्णा आहेत.

अण्णांचा हिशेब असा: दुकानात जी जोडी लाखाला मिळते तिच्यातला माल फार तर तीस हजारांचा; बाकीचे पैसे नावाचे. या हिशेबात जिगसॉ, राउटर, पलंगाखालचे क्लॅम्प, मोजणीचा मायक्रोफोन आणि फुकट गेलेला मरीन प्लाय धरलेला नसतो. तो काकूंनी धरला आहे. त्यांची वेगळी वही आहे.

हा माणूस ओळखायला सोपा. तो जाईल तिथे बोटाच्या पेराने लाकडावर टकटक करतो. पुतणीसाठी मुलाचं घर पाहायला मंडळी गेली होती. पोहे आले, मुलगा आला, पगाराचा विषय निघाला, आणि अण्णा उठून यजमानांच्या टीव्हीखालचं कपाट वाजवू लागले. ‘अठरा एमएम. एमडीएफ. आत ब्रेसिंग नाही,’ असा निकाल त्यांनी सर्वांसमक्ष दिला. लग्न जमलं, पण सासरची मंडळी अण्णांना अजून फर्निचरवालेच समजतात.

टकटकीमागे शास्त्र आहे. स्पीकरची पेटी स्वतः थरथरली की गाणाऱ्याच्या आवाजात आपलाही आवाज मिसळते. म्हणून पेटी मुकी हवी. तिच्यावर बोट आपटलं की ‘टक्’ एवढंच ऐकू यावं, ‘टंग’ नाही. अण्णांच्या जगात वस्तूंच्या दोनच जाती आहेत, टक् आणि टंग. आमचं समितीचं टेबल टंग आहे, त्यामुळे तिथे झालेले ठरावही ते फारसे मनावर घेत नाहीत.

हा रोग जडला त्याला काळही जबाबदार आहे. १९९१च्या आधी परदेशी स्पीकर म्हणजे दुबईहून येणाऱ्या पाहुण्याची मेहरबानी. असा पाहुणा नसलेला हौशी माणूस मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवारातल्या तापकीर गल्लीत जाई, वूफर-ट्वीटर सुटे आणी आणि सुतार गाठी. तेव्हा पेट्या अंदाजपंचे बनत. पुढे बाजार उघडला, दुकानं भरली, हवी ती जोडी घरपोच येऊ लागली. अण्णांचं दुःख तिथून सुरू झालं. आता कारणच उरलं नव्हतं! मग त्यांनी तत्त्व शोधून काढलं. ‘विकतचा स्पीकर सगळ्यांसाठी असतो,’ ते म्हणतात. ‘माझा माझ्या हॉलसाठी आहे.’

त्यांचं दैवत नेव्हिल थील. या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ साली दाखवून दिलं की पेटी अंदाजाने बांधायचं कारण नाही. वूफरचे मोजके आकडे हातात असले की ती किती लिटरची हवी हे कागदावर काढता येतं. लेख ऑस्ट्रेलियात छापून आला आणि तिथेच राहिला. १९७१मध्ये अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलने तो पुन्हा छापला, रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं, आणि आज बऱ्यापैकी कुठल्याही वूफरच्या कागदावर ‘थील-स्मॉल’ आकडे असतात. ‘दहा वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नाही रे!’ हे सांगताना अण्णांचा चेहरा उजळतो. सोसायटीच्या पंपाबद्दल त्यांनी दिलेलं निवेदनही असंच पडून आहे.

जिन्यात दुधाच्या पिशव्या घेऊन उभं असताना मला हे शिक्षण मिळालेलं आहे. ‘समज, वूफरचा स्वतःचा सूर ३० हर्ट्झ. त्याच्या पुठ्ठ्याच्या लवचीकपणाएवढी हवा म्हणशील तर ६० लिटर. क्यू ०.३५. बंद पेटी केलीस २० लिटरची. साठ भागिले वीस तीन, त्यात एक मिळव, चार. वर्गमूळ?’

‘दोन.’

‘शाब्बास! म्हणजे सगळं दुप्पट. तिसाचे साठ हर्ट्झ, पॉइंट पस्तीसचे पॉइंट सात. आणि पॉइंट सात म्हणजे काय?’

‘काय?’

‘सोनं!’ बेस ढिलाही नाही आणि आखडलेलाही नाही, असा त्याचा अर्थ. दूध मात्र त्या दिवशी नासलं.

पण सोनं हाती लागल्यावर थांबेल तो हौशी कसला. बंद पेटीतला बेस साठाच्या खाली उतरेना म्हणून अण्णा भोकाच्या पेटीकडे वळले. या पेटीत एक नळी बसवतात आणि नळीच्या लांबीवर खालचा सूर ठरतो. नळी कापून आखूड केली की सूर चढतो. अण्णा चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पीव्हीसीचा पाइप मागू लागले. ‘केवढा देऊ?’ दुकानदाराने विचारलं. अण्णांच्या डोक्यात त्या वेळी दुसरा आकडाच नव्हता. ‘पस्तीस हर्ट्झचा.’ दुकानदार मुरलेला होता. म्हणाला, ‘त्यात फक्त करडा शिल्लक आहे.’

मधे एकदा वाळूचं प्रकरण झालं. वॉर्फडेल कंपनी काढणारे गिल्बर्ट ब्रिग्ज पन्नासच्या दशकात दोन प्लायच्या मध्ये वाळू भरलेले स्पीकर करत. वाळू थरथर गिळते, हे खरंच. अण्णांनी समोरच्या बांधकामावरून दोन बादल्या वाळू आणली. वाळू कोरडी हवी म्हणून ती भाजली. कढई शेंगदाण्यांची. काकू तेव्हा भजनी मंडळात होत्या, आणि परत आल्यावर काय झालं ते सांगण्याचं कारण नाही. पेट्या इतक्या जड झाल्या की जिथे जोडल्या तिथेच, म्हणजे न्हाणीघराच्या दारात, आठवडाभर राहिल्या. एक सांधा नीट चिकटला नव्हता. डग्ग्याचा घुमारा आला की त्या कोपऱ्यातून वाळूची बारीक धार लागायची. अण्णा ती पाहून खूष. ‘बघ, किती ऊर्जा गिळते आहे!’

पुढच्या पेटीत कापूस आला. बंद पेटीत कापूस भरला की आतली हवा अशी वागते की पेटी आहे त्याहून मोठी वाटावी. हे ऐकल्यावर काकूंनी एवढंच विचारलं, ‘मग आपल्या बेडरूममध्ये का नाही भरत थोडा?’ कापूस कुठल्या गादीतून आला होता, ते त्यांना ठाऊक होतं.

स्पीकर खरा कसा वाजतो हे घरात मोजता येत नाही, कारण भिंतींवरून परतणारा आवाज मोजणीत घुसतो. मोकळी जागा हवी आणि शांतता हवी. म्हणजे गच्ची, आणि रात्री दोन वाजता. स्टुलावर पेटी, समोर मीटरभरावर मायक्रोफोन, मांडीवर लॅपटॉप. मग वीस हर्ट्झपासून वीस हजारांपर्यंत एकच सूर सरकत वर जातो, ‘ऊऽऽऽ’ पासून ‘ईऽऽऽ’ पर्यंत. अण्णा अडुसष्टचे आहेत. दहा हजारांच्या वर त्यांना काही ऐकू येत नाही. तिथून पुढे गल्लीतली कुत्री बोलू लागतात. ‘चला, ट्वीटर चालू आहे,’ म्हणून अण्णा वहीत टीप करतात. सोसायटीने नोटीस काढली तेव्हा त्यांनी उत्तरात आलेख जोडला होता.

गणपतीच्या आधी मंडळाची पोरं एकदा त्यांच्याकडे आली. ‘अण्णा, तुमचे बूफर द्या की. बेस पाहिजे.’ अण्णांनी त्यांना बसवलं, सरबत दिलं आणि सांगितलं की या जोडीची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे, त्यावर तीन डेसिबल वाढवायचे तर अँपची ताकद दुप्पट लागते, आणखी तीन हवे तर चौपट. पोरांनी सरबत संपवलं. त्या वर्षापासून मंडळ अण्णांकडून फक्त वर्गणी घेतं.

हे सगळं सोसता येतं. सोसत नाही ते त्यांचं ऐकणं. अण्णा गाणं ऐकत नाहीत, जागा ऐकतात. अमक्या ख्यालात दोन मिनिटांवर डग्गा, तमक्यात सुरुवातीला तानपुऱ्याची जवारी, आणखी एकात गायिकेने घेतलेला श्वास. एवढं ऐकवून झालं की बोट बटणावर. त्यांचे मेहुणे गाण्यातले. एकदा ते डोळे मिटून, मांडीवर ताल धरून बसले होते. आवर्तन भरत आलं, मुखडा उचलला, आता सम येणार, आणि अण्णांनी गाणं थांबवलं. ‘मिड थोडा पुढे येतोय ना?’

मेहुणे ओरडलेच. ‘अहो, समेवर तरी येऊ द्या!’

‘समेवर काय,’ अण्णा म्हणाले, ‘तिथे क्रॉसओव्हरचं काही कळत नाही.’

जोडी पुरी झाली की ती घरात राहत नाही. एक बंगळुरूला मुलाकडे गेली, एक मेहुण्यांकडे (ते तिच्यावर समेसकट ऐकतात), एक वाचनालयाला. पैसे ते घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तापकीर गल्ली.

तुम्हालाही अण्णांकडून बोलावणं आलं तर जरूर जा. ‘छान आहे’ म्हणू नका, त्यांचा विश्वास बसत नाही. ‘खाली किंचित कमी वाटतंय’ म्हणा, माणूस खूष होतो. आणि काकूंना आधीच फोन करून ठेवा. त्या बरोबर वेळ साधून अण्णांना कोथिंबीर आणायला खाली पाठवतात. मग अण्णांच्या खुर्चीत बसायचं आणि एक आख्खा ख्याल लावायचा. अण्णा नसताना मी तो ऐकला आहे, आणि सांगतो, लाखाच्या जोडीने असं गाऊन दाखवावं. स्पीकर फर्स्टक्लास झाले आहेत. फक्त हे अण्णांना सांगू नका, उगाच कारण नसताना पुढची जोडी आणखी चांगली करायला घेतील.