‘जाता जाता एवढंच एक बटण’: टाळण्याची शास्त्रोक्त पद्धत

हे मार्गदर्शन सोसायटीचा मेन्टेनन्स जमा करून पावती देणारं साधं सॉफ्टवेअर लिहायला बसलेल्या आणि शेजारी सेक्रेटरीकाका खुर्ची ओढून बसलेल्या होतकरू प्रोग्रामरसाठी आहे.

नियम पहिला. “जाता जाता एवढंच एक बटण टाक रे” हे वाक्य कानी पडताच दोन्ही हात कीबोर्डवरून उचलावेत. बटण पाच मिनिटांत होतं, मान्य. पण टँकरच्या नोंदीचं बटण आलं की टँकरवाल्यांची यादी येते, यादी आली की ती बदलण्याचा अधिकार कुणाला हा वाद येतो, अधिकारापाठोपाठ पासवर्ड, आणि पासवर्डपाठोपाठ तो विसरलेले खजिनदार. फोनवर. रात्री साडेदहाला.

नियम दुसरा. “सेटिंगमध्ये ठेव, ज्याला हवं तो चालू करील” ही तडजोड स्वीकारू नये. चालू-बंदचे १० पर्याय म्हणजे १०२४ शक्यता. त्या तपासायला काका येत नाहीत.

नियम तिसरा. विद्वत्ता पाजळू नये. अ‍ॅपलमध्ये १९८२ साली प्रोग्रामरांकडून दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींचा आकडा मागू लागले, तेव्हा बिल अ‍ॅटकिन्सन यांनी फॉर्मवर ‘उणे २०००’ लिहिलं. कोड आटोपशीर करून त्यांनी तेवढ्या ओळी घटवल्या होत्या, वर तो वेगवानही केला होता. पुढे त्यांच्याकडे फॉर्म मागणंच थांबलं. हा किस्सा काकांना सांगितल्यास ते विचारतात, “म्हणजे आठवडाभर काम केलंच नाही?”

नियम चौथा. मागणी वहीत तारखेसह लिहावी. महिनाभरात कुणी विषय काढला नाही, तर खोडावी.

नियम पाचवा. बटण कशाला हवं, हे विचारावं. टँकरच्या बाबतीत विचारलं तेव्हा कळलं की टँकरवाला अर्धाच टँकर रिकामा करून जातो. यावर वॉचमनने झाकण उघडून आत बघणे हा उपाय आहे. तो कुठल्याही संगणकात बसत नाही. आणि काकांवर चिडू नये. पहाटे पाचला उठून पंप तेच चालू करतात, बिनपगारी, आणि शिव्याही तेच खातात.

पावतीवरची अक्षरं मोठी करा, ही त्यांची मागणी मात्र त्याच दिवशी पूर्ण करावी. सोसायटीत पावती वाचणारे सगळे साठीच्या पुढचे असतात; बाकीचे नुसते पैसे भरतात.