शनिवारची बोटे, सोमवारचा घोटा

प्रति,
कर्जत व खालापूर तालुक्यांतील फार्महाऊसवर नव्याने रुजू झालेली सर्व मांजरपिल्ले

विषय : खेळताना चावण्याच्या सवयीबाबत समज देणे

अनेक आशीर्वाद.

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, उल्हास व पेज नद्यांच्या काठी आणि पाताळगंगेच्या खोऱ्यात वास्तव्यास असलेली पिल्ले मालकांच्या मनगटाला विळखा घालतात, मागच्या दोन्ही पायांनी ते खरवडतात आणि दात बोटांत रुतवतात, अशा तक्रारी वाढल्या असून, रविवारी संध्याकाळी मुंबईकडे परतणाऱ्या मोटारी कर्जत-चौक रस्त्यावर खोळंबल्या की या तक्रारींना विशेष धार येते. वयाच्या साधारण दुसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लाचे सव्वीस दुधाचे दात येऊन पूर्ण होतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांच्या सुमारास तीस कायमचे दात त्यांची जागा घेतात. म्हणजे ज्या वयात पिल्लू सर्वांत गोंडस दिसते, नेमक्या त्याच वयात त्याच्या तोंडात सुयांची पुडी असते, ही बाब पिल्लू घरी आणणाऱ्यांनी विचारात घेतलेली दिसत नाही.

वैष्णव तत्त्वज्ञानात भक्ताच्या शरणागतीचे दोन प्रकार सांगितले जातात. माकडाचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असते तो मर्कटन्याय, आणि मांजराचे पिल्लू काहीही न करता आईच्या तोंडात लोंबकळत जाते तो मार्जारन्याय. पहिल्याचे प्रात्यक्षिक पाहण्यासाठी माथेरान जवळच आहे. दुसऱ्याविषयी मात्र आचार्यांनी एक गोष्ट अध्याहृत ठेवली, ती अशी की ज्या दातांनी मांजर उंदराची मान मोडते, त्याच दातांनी ती पिल्लाला सात घरे फिरवते आणि तरीही कातडीला ओरखडा उमटत नाही. चावा किती घट्ट घ्यावा याच्या या जाणिवेला चाव्यावरील संयम असे म्हणता येईल. तो जन्मजात परिपूर्ण नसतो. भावंडाचा कान जोरात चावला तर ते किंचाळते, उलट चावते किंवा खेळ सोडून निघून जाते, आणि अशा शेकडो लहानसहान अपमानांतून पिल्लू तो शिकते. पाचव्या आठवड्यात पिशवीत घालून आणलेल्या एकट्या पिल्लाला ही शाळाच मिळत नाही, सबब अभ्यासक्रम अपूर्ण राहिल्याचा ठपका त्याच्यावर ठेवणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न येथे केवळ नोंदवून ठेवण्यात येत आहे.

तथापि मुख्य मुद्दा शनिवारचा आहे. शनिवारी सकाळी मालक पडवीतल्या झोपाळ्यावर पहुडतात, चादरीखालून बोटे वळवळवतात आणि पिल्लाने झडप घातली की "वाघ आहे वाघ!" असे म्हणून त्याचे छायाचित्र काढतात. रविवारी दुपारी तेच बोट रक्ताळते, तेव्हा वाघाला टप्पल बसते. सोमवारी मालक नसतात, असते ती घर राखणाऱ्या कुटुंबातील बाई, जी अनवाणी पायांनी अंगण झाडत असते. पिल्लू कुंडीआड दबा धरून बसते, त्याचे कान आडवे होतात, डोळ्यांतल्या बाहुल्या काळ्याभोर पसरतात, शेपटीचे टोक तेवढे हलते, मागचा भाग दोनदा डुलतो आणि पैंजण वाजताच घोट्यावर हल्ला होतो. शनिवारी ज्याला खेळ म्हणून बक्षीस मिळाले, त्याला रविवारपासून गुन्हा मानावे, हे धोरण पिल्लांनी अद्याप आत्मसात केलेले नाही, याबद्दल त्यांची कानउघाडणी करणे क्रमप्राप्त आहे. (ती बाई पिल्लाला मारत नाही. ती जागच्या जागी थांबते, त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही, आणि ते कंटाळून पकड सोडते, मग झाडू पुढे सरकतो. संपूर्ण मालमत्तेवर प्राणिवर्तनाची खरी जाणकार तीच आहे, परंतु तिचे मत कोणी विचारलेले नाही.)

चावलेला हात झटकन मागे ओढणे, याचा पिल्लाच्या कोशातील अर्थ "उंदीर पळाला" एवढाच असतो आणि टप्पल मारणे म्हणजे दुसरा हात खेळात उतरवणे होय. म्हणून हात सैल सोडून स्थिर ठेवावा, पकड सुटताच काही न बोलता उठून जावे आणि खेळ तेवढा वेळ बंद ठेवावा. घरातील प्रत्येकाने, पाहुण्यांसह, प्रत्येक वेळी असेच वागावे. झडप घालण्याची ऊर्मी तर राहणारच, तिच्यासाठी बांबूच्या लांब काडीला दोऱ्याने कोंबडीचे पीस बांधून ते जमिनीवरून सरपटवावे, शेवटी पिल्लाला ते पकडू द्यावे आणि लगेच जेवण द्यावे, कारण शिकार, भोजन आणि झोप हा मांजराचा ठरलेला क्रम आहे. दोरा मात्र खेळानंतर उचलून ठेवावा. गिळल्यास तो आतड्यात अडकतो. या सूचना वस्तुतः मालकांसाठी आहेत, पण मालकांपेक्षा पिल्ले लवकर शिकतात असा अनुभव असल्याने पत्र पिल्लांनाच पाठविण्यात येत आहे.

भाताच्या या मुलखात, जेथे कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत येथील केंद्राने गावाच्याच नावाने भाताचे वाण काढले, तेथे मांजर मुळात कणग्याच्या राखणीवर असते. शेतकऱ्याच्या घरी तिला कोणी बोट दाखवत नाही, काम दाखवतात.

दात किंवा नख लागून ओरखडा उमटल्यास वा रक्त आल्यास विनोद तेथेच थांबतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद, चुना वा मिरची लावू नये आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. पिल्लू लहान आहे, ही सबब रेबीज ऐकत नाही.

कळावे, लोभ असावा. नख्या आत असाव्यात.

प्रत माहितीसाठी : कणग्यातील उंदीर (साक्षीदार या नात्याने)

ता. क. – पत्राच्या कोपऱ्यावर दातांच्या खुणा आढळल्यास तीच पोच समजण्यात येईल.