एक दशांश

बदलापूरच्या खरवईत नवी इमारत उभी राहिली की आधी किराणा दुकान येतं, मग दवाखाना आणि तिसऱ्या खेपेत जिम्नॅस्टिक्सचे सर. पार्किंगमध्ये चार गाद्या पसरल्या, शिट्टी वाजली, की क्लास सुरू.

हे सर बहुधा अमरावतीचे असतात. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मातीत घडलेले. 1936 साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले, ही हकीकत ते अशी सांगतात, की पथकाच्या पेट्या यांनीच उचलल्या असाव्यात. प्रत्यक्षात तेव्हा सरांच्या वडिलांचाही पत्ता नव्हता.

"काहून बे, पाय सरळ ठेवाले काय होते तुले?" ही पहिली गर्जना ऐकून आयांमध्ये कुजबुज होते, "सर मध्य प्रदेशचे का हो?" आठवड्याभरात त्यांचीच कार्टी घरी "मले भूक लागली" म्हणू लागतात. फीमध्ये हे धरलेलं नसतं.

जिम्नॅस्टिक्समध्ये लँडिंगला छोटं पाऊल सरकलं की एक दशांश गुण कापतात, पडलं तर पूर्ण एक. सर हा नियम सगळ्या आयुष्याला लावतात. चहा पांचट झाला, एक दशांश. रिक्षावाल्याने सुट्ट्यावरून हुज्जत घातली, एक दशांश. खरवईच्या पावसाचा मात्र पूर्ण गुण जातो. जुलैत गाद्या वाळत नाहीत आणि मल्लखांबाला एरंडेल लावायच्या आधीच तो निसरडा झालेला असतो.

बदलापूरकरांबद्दल त्यांना गुप्त आदर आहे. "बीमची रुंदी दहा सेंटीमीटर. लोकलच्या दारात तेवढी तरी जागा भेटते का? तरी हे लोक दादरपर्यंत तोल धरते, वर हातात डबा!" मग पोरांकडे वळून, "आन् तुम्हाले रिकाम्या हातानं जमत नाही!"

गप्पांच्या भरात बेला कारोली येतातच. 1981 मध्ये रोमानिया सोडून अमेरिकेत गेलेले प्रशिक्षक. ती गोष्ट सांगताना सरांचा आवाज जड होतो, जणू कारोलींचं ह्यूस्टन आणि खरवई एकाच लोकल मार्गावर आहेत. कारोलींच्या शिष्येला, नादियाला, 1976 साली मॉन्ट्रियलला पूर्ण दहा गुण मिळाले, पण फलकावर दहा दाखवायची सोयच नसल्यामुळे 1.00 झळकले. त्यामुळे कुणाला गणितात तीन पडले, की सर म्हणतात, "फलक तपासा."

पालकांचा प्रश्न वेगळाच. "सर, दहावीला क्रीडागुण मिळतील ना?" गुणांसाठी कुठल्या पातळीवर खेळावं लागतं हे सर समजावतात, तोवर पोरगी नववीत जाते आणि क्लास सुटतो. बॅक फ्लिप जमायला लागलेली पोट्टी ट्यूशनला गेली, की सर दिवसभर कुणाचेच गुण कापत नाहीत.

दिवाळीत कल्याणहून अमरावती एक्स्प्रेस पकडायची. गावी गेल्यावर "आमच्या बदलापूरले असं नाही" हे वाक्य दिवसातून चारदा. भाऊ वैतागतो.

यंदा सरांनी भाड्याचं घर सोडून फ्लॅट घ्यायचं ठरवलं. एजंटने दिवाणखाना दाखवला. सरांनी भिंती पाहिल्या नाहीत, हात उंचावून छताचा अंदाज घेतला. "पोट्टीनं फ्लिप मारली तर पंख्याले लागन."

मागून बायकोचा आवाज आला, "आपल्याले राहाचं आहे इथं. ओटा पाहा."