माळ्यावरचं दान

अण्णांच्या घरचा माळा दिवाळीला साफ होत नाही. तो साफ होतो महाराष्ट्रावर संकट कोसळलं की. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली आणि अण्णांच्या बेलबॉटम पँटी लातूरकडे रवाना झाल्या. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सफारी गेले. २०१९ला कृष्णा-पंचगंगा पात्र सोडून गावांत शिरल्या, तर सांगलीकरांच्या वाट्याला चिरंजीवांची लग्नातली शेरवानी आली. मोजडीसकट.

माणूस कंजूष नव्हे. कंजूष देतच नाही. अण्णा हौसेनं देतात. फक्त जुना कपडा आधी दारावरच्या बोहारणीपुढे ठेवायचा, हा घरचा नियम. ती बाई मोठी खट. शर्ट उजेडात धरून विरलेली कॉलर शोधते, पँटची चेन दोनदा वरखाली करते, साडीचा काठ ताणून बघते आणि निम्मा ढीग पायानंच मागे सरकवते. वाटीभर स्टीलच्या बदल्यातही तिनं जे घेतलं नाही, ते आपद्ग्रस्तांचं.

फेकलं तर जीव हळहळतो, दिलं तर पुण्य लागतं, वस्तू तीच. हा हिशेब आमच्या अख्ख्या बिल्डिंगचा आहे. अण्णा तो चारचौघांत मांडतात, एवढंच.

जुलै २०२१मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणमध्ये घुसलं आणि ओसरताना घराघरांत चिखल ठेवून गेलं. मदत गोळा करणाऱ्या पोरांनी गेटवर यादी लावली: खराटे, फावडी, फिनेल, कोऱ्या चादरी, सॅनिटरी पॅड. तळाशी लाल अक्षरांत, ‘जुने कपडे आणू नयेत’. काकू गुपचूप वाण्याकडून डझनभर खराटे घेऊन देऊन आल्या. अण्णा मात्र स्वतःच्या लग्नातला कोट आणि शिट्टी हरवलेला कुकर घेऊन उतरले. पोरांनी हात जोडले.

“म्हणजे संकटातल्या माणसानं आता पसंती कळवायची?” अण्णा जिन्यातच कडाडले. “टेरीवूल आहे, टेरीवूल!”

“अहो, कोट घालून चिखल उपसायचा का त्यांनी?” काकू म्हणाल्या.

अण्णांनी कोट झटकला, खिशात नवी डांबरगोळी टाकली आणि स्टुलावर चढले.

“राहू दे वरच. पाऊस काय, पुढच्या वर्षीही आहेच.”